टेस्टिंगला टाकलं

गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री साडेनऊच्या सुमारास भाचीचा फोन आला. मी ओट्यापाशी भिजवलेली मटकी उपसून फडक्यात बांधत होते. हात ओले होते, म्हणून स्पीकर लावून फोन भिंतीला टेकवला. ती हिंजवडीतल्या एका कंपनीत ट्रेनिंगला आहे, वाकडला पीजीत राहते. तीन महिन्यांचं ट्रेनिंग संपत आलं होतं आणि कुणाला कोणती स्ट्रीम, म्हणजे कामाची शाखा, मिळाली त्याची यादी त्या दिवशी लागणार होती, हे मला माहीत होतं. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "मावशी, मला टेस्टिंगला टाकलं." आणि रडायलाच लागली. खोलीतल्या दोघींना जावा मिळालं होतं, तिसरीला डेटा. वर्गात हिच्याहून कच्च्या असलेल्या एका मुलालाही डेव्हलपमेंट, म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिण्याचं काम, मिळालं होतं. हिच्या वाट्याला दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं. "माझं कोडिंग चांगलं आहे गं," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू मीच ती यादी केली होती. मी म्हटलं, "रडू नकोस बाळा. वर्षभरात बदलून मिळतं. मॅनेजरला एक नीट मेल कर. थांब, मीच सांगते काय लिहायचं." आणि ओल्या हातांनी, मटकीच्या पुरचुंडीशेजारी उभी राहून, टेस्टिंगमधून बाहेर कसं पडायचं याचा मेल मी तिला शब्दन्‌शब्द सांगितला. ती शांत झाली. "थँक्यू मावशी, तुला सगळं माहीत असतं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी फडक्याला गाठ मारली, ते चाळणीत ठेवलं, वर ताटली झाकली. आणि मग हात तसेच राहिले.

तेवीस वर्षं झाली, मी टेस्टर आहे.

हे तिला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर तिने मला असं सांगितलंच नसतं. पण तिचं जाऊ दे, मला तर माहीत होतं! मग मी का नाही म्हणाले? त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी आठवत राहिले, की आमच्या घरात आजवर कुणाला मी नेमकं काय सांगितलंय. ताई, म्हणजे भाचीची आई, बार्शीत सगळ्यांना सांगते, बहीण आयटीत आहे. सासूबाई सांगतात, कॉम्प्युटरमध्ये आहे. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर मी 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' लिहीत आले, कारण तो रकानाच तेवढा होता. कार्डावर आधी ट्रेनी होतं, मग असोसिएट, सीनिअर असोसिएट, मध्ये तीन वर्षं टेस्ट लीड, मग मॅनेजर, आणि आता कन्सल्टंट. 'टेस्ट' हा शब्द फक्त त्या तीन वर्षांत छापला गेला. ते कार्ड मी लग्नकार्यात कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

आणि ते 'टाकलं'. मराठीत आपण कुणाला कुठे टाकतो? साहेबाची मर्जी गेली की कारकुनाला आडगावी टाकतात. ऐकत नाही म्हणून पोराला बोर्डिंगात टाकतात. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत 'मला डेव्हलपमेंटला टाकलं' असं म्हणणारं एकही माणूस मी पाहिलेलं नाही. डेव्हलपमेंट मिळतं. ऑनसाइट, म्हणजे परदेशात ग्राहकाकडे जाऊन काम, मिळतं. टेस्टिंगला टाकतात, सपोर्टला टाकतात, काम नसलं की बेंचवर बसवतात. रात्री बाराच्या पुढे कधीतरी मला लख्ख आठवलं, की हा शब्द याच सुरात, असाच गळा भरून मी आधी एकदा ऐकला आहे. १९८९ साली, आमच्या भोसरीच्या दोन खोल्यांच्या घरात, अण्णांच्या तोंडून.

अण्णा, माझे वडील, टर्नर होते. औंधच्या आयटीआयमधून टर्नर ट्रेड केलेले, १९७३ पासून भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर. पहिली पाळी असली की दुपारी चारला घरी येत, आणि ते दारात यायच्या आधी कूलंटचा, म्हणजे कापताना धातू थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वास यायचा, आंबूस-तेलकट, साबणाने दोनदा धुतला तरी नखांच्या कडेला उरणारा. त्यांच्या पँटच्या दुमडीत लोखंडाचा किस अडकलेला असे. कधी बारीक चुरा, कधी स्प्रिंगसारखं लांब वेटोळं. टूल तापलं की त्या वेटोळ्यावर निळा-जांभळा रंग चढतो. मी आणि ताई ती निळी वेटोळी काडेपेटीत साठवायचो. आई मात्र दर रविवारी चिमटा घेऊन त्यांच्या चपलांच्या तळव्यातून किस उपटत बसायची आणि एखादा तुकडा लादीवर राहिला की आमच्यापैकी कुणाच्या तरी पायात घुसायचा.

आमच्या त्या गल्लीत प्रत्येक घराला ट्रेड होता. फिटर, वेल्डर, मोल्डर, ग्राइंडर. बायकासुद्धा ट्रेडवरून ओळखल्या जात: वेल्डरकाकू, मोल्डरवहिनी. आणि आम्हा पोरांनाही त्यातलं प्रत्येक काम म्हणजे काय ते बरोबर समजत होतं, कारण ते त्या माणसाच्या अंगावर दिसायचं. वेल्डरकाकांच्या डोळ्यांत आर्क गेला की रात्री काकू बटाट्याच्या चकत्या कापून त्यांच्या पापण्यांवर ठेवायच्या. मोल्डरकाका सकाळी नळावर खोकायचे ते चार घरं पलीकडे ऐकू यायचं. फिटरचा अंगठा ठेचलेला असायचाच. कामाचं नाव आणि काम यांच्यामध्ये तिथे अंतरच नव्हतं. आज माझ्या ऑफिसच्या मजल्यावर दोनशे माणसं सारख्याच खुर्च्यांवर, सारख्याच लॅपटॉपांसमोर बसलेली असतात. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काहीच कळणार नाही. कदाचित म्हणूनच आम्हाला इतकी लांबलचक पदनामं लागतात, आणि ती लावूनही भाचीला मावशी काय करते ते कळत नाही.

तर १९८९. कापायला लावलेला एक जड जॉब लेथच्या चकमधून, म्हणजे पकडीतून, निसटला आणि अण्णांच्या उजव्या मनगटावर आला. हाड जुळलं, पण पकड गेली. चार महिन्यांनी डॉक्टरांनी लिहून दिलं की लेथवर काम जमणार नाही. त्या दिवशी ते घरी आले, चप्पल काढली, आईने चहा पुढे केला तो घेतला नाही आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मला इन्स्पेक्शनला टाकलं." मी पाचवीत होते. इन्स्पेक्शन म्हणजे काय ते मला अण्णांच्याच बोलण्यातून माहीत होतं. इन्स्पेक्शनवाले म्हणजे ज्यांना स्वतःला काही करता येत नाही आणि दुसऱ्याने केलेल्यात जे खोड काढतात ते. आई शेजारी सांगत सुटली की ह्यांना बढती मिळाली. पगार तोच होता. अण्णा दोनेक महिने धड जेवले नाहीत. त्यांच्या हाताला वास येईनासा झाला. पँटच्या दुमडीत काही सापडेना. ताईने ती काडेपेटी कुठेतरी वर ठेवून दिली.

मग एकदा ते रात्री उशिरा आले आणि बराच वेळ बोलत बसले. त्यांच्या जिवलग मित्राने केलेला दोनशे बुशांचा, म्हणजे दांडा बसवायच्या धातूच्या नळ्यांचा, लॉट तपासणीला आला होता, आणि त्यातले चौदा बुश अण्णांनी बाद केले होते. मित्र म्हणाला होता, "तू स्वतः मशीनवर उभा राहिलेला माणूस. तुला माहीत नाही काय होतं ते?" अण्णांनी मला खिशातून एक गेज काढून दाखवलं. दोन्ही टोकांना गुळगुळीत दंडगोल, मध्ये मूठ. एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो', त्यावर लाल पट्टी. बुशचं भोक पंचवीस मिलिमीटरचं हवं. ते २५.००० पासून २५.०२१ पर्यंत चालतं, म्हणजे एकवीस मायक्रॉनची सूट, डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. 'गो' टोक आत सरकलं पाहिजे, 'नो-गो' अडलं पाहिजे. त्या चौदांमध्ये नो-गो अलगद आत गेलं. "मला माहीत आहे कसं होतं ते," अण्णा म्हणाले. "टूल झिजतं, शिफ्ट संपायला आलेली असते. पण तो बुश ज्या गाडीत बसणार त्या गाडीला ते माहीत नसतं ना." मित्र दिवाळीपर्यंत घरी आला नाही. रविवारचा रमीचा डाव चौथा गडी नसल्यामुळे बंद पडला. अण्णांनी आपला निर्णय मात्र मागे घेतला नाही.

ते गेज कारखान्यातून बाद झालेलं होतं. गेजसुद्धा सारखं आत-बाहेर होऊन झिजतं, ठराविक काळाने त्याचीच तपासणी होते आणि चुकलं की ते काढून टाकतात, हे त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं. अण्णा २०१६ साली गेले. गेज माझ्याकडे आहे, शिवणाच्या डब्यात.

इतकं सगळं पाहिलेल्या मुलीने २००२ साली, एमसीए करून नोकरीला लागल्यावर काय करावं? मीही रडले होते. तेव्हा बाजार पडलेला होता, नोकरी मिळाली हेच खूप होतं, तरीही. आमच्या बॅचमध्ये अकरा मुली होत्या आणि त्यातल्या आठ टेस्टिंगला. यादी वाचून दाखवणाऱ्या बाई मायेने म्हणाल्या, "मुलींना टेस्टिंग बरं पडतं, वेळेवर घरी जाता येतं." पुढच्या वीस वर्षांत प्रत्येक रिलीजच्या, म्हणजे नवा प्रोग्रॅम बाहेर पडायच्या, रात्री ते वाक्य मला आठवलेलं आहे. कोड लिहिणाऱ्यांचं काम संध्याकाळी सहाला संपतं आणि बिल्ड, म्हणजे तपासायला तयार झालेला प्रोग्रॅम, रात्री अकराला आमच्या हाती येतो. मुलगा सहा महिन्यांचा असताना पहाटे चारला मी ऑफिसच्या कॅबमधून परतत होते, ओढणी पुढून भिजलेली, आणि ड्रायव्हरने काही न बोलता एसी बंद केला होता. वेळेवर घरी.

खूप उशिरा मला समजलं, की कोणतं काम मोठं आणि कोणतं छोटं हे कामावर ठरत नसतं, ते करणारं कोण आहे त्यावर पुष्कळदा ठरतं. अमेरिकेत १९४६ साली एनिअ‍ॅक नावाचा संगणक जगापुढे आणला गेला, तेव्हा त्याची प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केली होती. त्या आधी हातयंत्रांवर तोफगोळ्यांच्या मार्गांचे आकडे काढायच्या आणि त्यांच्या हुद्द्याचं नावच होतं 'कॉम्प्युटर'. यंत्र बांधणं हे पुरुषांचं, हुशारीचं काम मानलं गेलं आणि त्याला कामाला लावणं हे कारकुनी, म्हणून बायकांचं. त्या समारंभाच्या कौतुकात त्यांची नावं घेतली गेली नाहीत. ज्या डेव्हलपमेंटसाठी माझी भाची रडते ते काम तेव्हा असं 'टाकलेल्यांचं' होतं. मला ही गोष्ट वाचून आनंद झाला नाही. कुणीतरी खाली असायलाच लागतं की काय, असं वाटून जीव खट्टू झाला.

पण त्या रात्री झोप उडवणारं दुसरंच होतं. ती एकेचाळीस पत्रं.

२००९ सालची गोष्ट. परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम आमच्याकडे होतं. विमाधारक वारला, वारसाने दावा केला, तो मंजूर झाला, की सिस्टिमने वारसाच्या नावे पत्र छापायचं. साधी गोष्ट. मी त्यासाठी बारा वारस तयार केले होते: बायको, नवरा, आई, भाऊ, दोन मुलं मिळून, सावत्र मुलगी. सगळ्यांना नावं दिली, पत्ते दिले. बाराही पत्रं बिनचूक निघाली. मी त्या केसपुढे, म्हणजे तपासणीच्या नोंदीपुढे, 'पास' लिहिलं आणि पुढे गेले. माझे बाराही वारस सज्ञान होते. वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असेल आणि पालनकर्त्याचा पत्ता भरलेला नसेल, तर काय होतं हे मी पाहिलंच नाही. व्हायचं असं की रिकामी जागा दिसली की प्रोग्रॅम मूळ पॉलिसीवरचं नाव-पत्ता उचलायचा. एकेचाळीस मेलेल्या माणसांना त्यांच्याच घरी पत्र गेलं, की आपला दावा मंजूर झाला आहे, आपले अभिनंदन.

एका बाईने फोन केला होता. तिचा मुलगा सात वर्षांचा. त्या कॉलचं रेकॉर्डिंग नंतर आम्हा सगळ्यांना मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं. ती ओरडली नाही. ती फक्त समोरच्याला समजावून सांगत राहिली, की दावा त्यांचा नाही, ते गेले म्हणून दावा आहे. हे तिने तीनदा सांगितलं, तीनही वेळा आवाज न चढवता.

आयटीतल्या कामांची वाटणी म्हणजे काय, हे मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये समजलं नव्हतं ते त्या खोलीत समजलं. एकच चूक टेबलावर होती, आणि प्रत्येकाकडे तिचा वेगळा तुकडा होता. आमचे बिझनेस अ‍ॅनालिस्ट पन्नाशीचे गृहस्थ होते, विमा कंपनीच्या शाखेत आयुष्य काढून आलेले. त्यांचं काम होतं 'बिझनेस'शी बोलणं. आमच्याकडे बिझनेस म्हणजे धंदा नव्हे, बिझनेस म्हणजे पलीकडची, सॉफ्टवेअर वापरणारी माणसं. 'बिझनेसचं म्हणणं असं आहे' असं आम्ही सरकारांचं म्हणणं सांगावं तसं सांगतो. पलीकडच्या क्लेमवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं, अज्ञान वारस असला की आम्ही नेहमीसारखं करतो. त्या 'नेहमीसारखं'च्या आत शिरून, म्हणजे नेमकं काय करता, पत्ता कुठून घेता, असं विचारणं ही त्या माणसाची सगळी नोकरी असते. त्यांनी विचारलं नव्हतं, कारण ते स्वतः तीस वर्षं तेच करत आले होते आणि त्यांना ते उघड वाटलं. डेव्हलपर जेमतेम तेवीसचा. रिकाम्या जागी काहीतरी भरलं नाही तर छपाई अडकते, म्हणून त्याने हाताशी होतं ते नाव भरलं. प्रोग्रॅम चालता राहावा हीच त्याची काळजी होती आणि तो चालता राहिला. सपोर्टला, म्हणजे चालू सिस्टिम अडली की बघायच्या कामावर, जो मुलगा होता, ज्याला सगळे 'एल-टू' (सपोर्टची दुसरी पायरी) म्हणायचे आणि ज्याच्या नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती, त्याला आपल्याकडच्या पहाटे पावणेतीनला फोन आला. त्याला कोडमधलं काही माहीत नव्हतं. पण छपाईची रांग कुठे थांबवायची हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याने कुणाला न विचारता ती थांबवली. नाहीतर एकेचाळीसची चारशे झाली असती. डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएने लाखो नोंदींतून ती नेमकी एकेचाळीस नावं दुपारपर्यंत काढून दिली. मॅनेजरने तिकडच्या साहेबांचा फोन घेतला आणि एक तास नुसतं ऐकून घेतलं; मी पुढे पाच वर्षं मॅनेजर झाले तेव्हा मला कळलं की तो तास किती लांब असतो. आणि पलीकडच्या क्लेम विभागातल्या एका अधिकारी बाईंनी, जिच्या हुद्द्यात ना सॉफ्टवेअर ना इंजिनिअर, एकेचाळीस माफीची पत्रं हाताने लिहिली.

आणि मी 'पास' लिहिलं होतं.

अहवालात कारणाच्या रकान्यात माझ्याच कामाचं नाव आलं, तपासणीत राहून गेलं असं. तेव्हा मला ते अन्यायाचं वाटलं होतं. आता वाटत नाही. नो-गो आत जातं का ते पाहायचं काम माझं होतं आणि मी बारा वेळा फक्त गो टोकच घालून पाहिलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी बंद पडले, आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तेव्हा सगळे ते फोटो एकमेकांना पाठवत होते. मी त्यांचा नंतरचा अहवाल शोधून वाचला. अपडेटमध्ये एकवीस रकाने अपेक्षित होते, प्रोग्रॅम वीसच देत होता. चाचण्यांमध्ये हे दिसलं नाही, कारण चाचणी करताना त्या एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' अशीच खूण भरलेली असायची. ते वाक्य वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला. कुठेतरी कुणीतरी एक टेस्टर घरी येऊन तशीच ओट्यापाशी उभी असेल, असं वाटलं.

२०१९ मध्ये मी मॅनेजरची खुर्ची सोडून परत टेस्टिंगला आले. स्वतः मागून. मॅनेजरकी वाईट नव्हती, पण माझा सगळा दिवस माणसांना 'रिसोर्स' म्हणण्यात, कुणाचे किती तास बिल झाले ते मोजण्यात जायचा. संध्याकाळी काय केलं ते आठवायचं नाही. सहकारी म्हणाले, खाली कशाला येतेस? आमच्याकडे वर म्हणजे माणसांवर, आणि खाली म्हणजे कामावर. लेथवर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस अण्णांच्या कारखान्यात मास्तर मानला जायचा, त्याच्याकडे शिकायला पोरं पाठवायचे. आमच्यात दहा वर्षं एकच काम केलं की अप्रेझलला विचारतात, तुमचा पुढचा टप्पा काय? चांगले टेस्टर, चांगले सपोर्टवाले यामुळे मॅनेजर होतात आणि मग कुणी उरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी परत आले तेव्हा सुखावले होते. मग ही गोष्ट ताईला का सांगितली नाही? तिला फक्त म्हटलं, काम बदललंय.

झोप येईना म्हणून पहाटे मी मोबाइलवर कामांची जागतिक यादी उघडली, प्रत्येक कामाला आकडा देणारी, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, २००८ सालची. आपलं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणही तिच्याच सांगाड्यावर उभं आहे. अण्णा ७२२३ मध्ये सापडले, धातूकाम करणाऱ्या यंत्रांचे चालक, त्यात टर्नर. सिस्टिम अ‍ॅनालिस्ट २५११, सॉफ्टवेअर डेव्हलपर २५१२. आणि टेस्टर २५१९ मध्ये. त्या गटाचं शीर्षक असं, की सॉफ्टवेअरची अशी कामं करणारे, जे इतरत्र कुठे नोंदलेले नाहीत. अमेरिकेने २०१८ च्या यादीत टेस्टरला स्वतःचा आकडा दिला, त्याआधी तिथेही 'इतर सर्व'. मी तो आकडा बराच वेळ बघत राहिले. यादी करणाऱ्यांचा काही दोष नाही, त्यांनी निदान आम्ही आहोत हे तरी लिहिलं. मी माझ्या घरात तेवढंही केलं नव्हतं.

शनिवारी वाकडला गेले. मोड आलेल्या मटकीची उसळ डब्यात, आणि पर्समध्ये ते गेज, का घेतलं ते मला नीट सांगता येणार नाही. पीजीची खोली चौघींची. दोऱ्यांवर कपडे, खिडकीत मॅगीची पाकिटं, खाली पुलाच्या कामाची धडधड. बाकीच्या तिघी गावी गेल्या होत्या. तिने उसळ तशीच चमच्याने खाल्ली. मेलला उत्तर आलं नव्हतं. मी म्हटलं, "तो मेल मी सांगायला नको होता. मी टेस्टर आहे."

"म्हणजे आधी होतीस?"

"आत्ताही आहे."

ती चमचा तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग तू सांगितलं का नाहीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला अण्णांची गोष्ट सांगितली, त्या चौदा बुशांची. तिला आजोबा टर्नर होते एवढंच माहीत होतं. इन्स्पेक्शनचं ताईनेही कधी सांगितलं नव्हतं. गेज तिने हातात घेऊन फिरवलं, लाल पट्टीवरून नख ओढलं, आणि पुन्हा माझ्या हातात दिलं. फार काही म्हणाली नाही. टेस्टिंगला भविष्य नाही, सगळं ऑटोमेशन करणार, आता तर एआय करणार, असं वर्गातली मुलं म्हणतात, ते तिने विचारलं. मी मला वाटतं ते सांगितलं. मी स्वतः तपासणी आपोआप करणाऱ्या स्क्रिप्ट लिहिते, यंत्र एकच तपासणी हजार वेळा न कंटाळता करतं आणि करावीच त्याने. पण त्या बारा वारसांची तपासणी यंत्राने हजार वेळा केली असती तरी हजारही वेळा पासच आली असती. आणि डेव्हलपमेंटलाच जावंसं वाटत असेल तर जरूर जा, कोडिंग चांगलं आहे तुझं, मी मदत करीन. फक्त इथून पळायचं म्हणून जाऊ नकोस. ती भिंतीला टेकून ऐकत होती. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

निघता निघता तिने लॅपटॉप उघडून सरावाचं काम दाखवलं. ग्रंथालयाच्या सभासदाचा नोंदणी फॉर्म. त्यातल्या जन्मतारखेच्या रकान्यासाठी तिने नऊ केसेस लिहिल्या होत्या: रिकामी तारीख, उद्याची तारीख, तेरावा महिना, एकतीस एप्रिल. नीट लिहिल्या होत्या, माझ्या पहिल्या वर्षीच्या कामापेक्षा कितीतरी नीट. मी म्हटलं, "एकोणतीस फेब्रुवारी?"

"ती आहे ना, सातवी. २०२३ ला घेत नाही, २०२४ ला घेतो. दोन हजार सालही घेतो."

"छान." मी चपला घालायला वाकले. मागे कीबोर्डचा आवाज सुरू झाला, थांबला.

"मावशी, शंभराने भाग जातो ती सालं लीप नसतात ना? चारशेने गेला तरच?"

"हो."

"मग १९०० साली एकोणतीस फेब्रुवारी नव्हतीच." ती पडद्याकडे झुकली होती, केस पुढे आलेले, डबा तसाच उघडा. "थांब जरा, जाऊ नकोस. टाकून बघते."